अंतर्दृष्टीने अणू दिसतो का? गणपतीत पडलेले प्रश्न आणि माझी उत्तरं

यंदा गणपतीत पाचव्या दिवशी भजन आटपलं, उसळ-पाव खाऊन सगळे खळ्यात बसलेले, आणि मुंबईहून आलेल्या एका चाकरमान्याने मोबाईलवरचा मेसेज मोठ्याने वाचला, की क्वार्कचा (म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आतल्या बारीक कणांचा) शोध लागायच्या सत्तर वर्षं आधीच ॲनी बेझंटबाईंनी योगशक्तीने क्वार्क बघून त्यांची चित्रंसुद्धा काढली होती. मग काय, रात्री दोनपर्यंत तेच. मी देवगड तालुक्यात ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडेच बघायचं असतं. नंतर फोनवर पण तेच तेच प्रश्न यायला लागले म्हणून एकदाच लिहून टाकतोय, ज्याला हवं त्याने वाचा, मला परत रात्री अकरा वाजता फोन करू नका.

तो मेसेज खोटा आहे का?

अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच खोडून काढायला जास्त कष्ट पडतात. ॲनी बेझंट तुम्हाला शाळेच्या इतिहासातल्या माहीत आहेत, होमरूलवाल्या. आपल्या रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांची १९१६ साली एक होमरूल लीग आणि बेझंटबाईंची दुसरी, १९१७ ला त्या काँग्रेसच्या अध्यक्ष पण झाल्या. पण पुस्तकात जे येत नाही ते हे, की त्या थिऑसॉफिकल सोसायटी या गूढविद्या मानणाऱ्या संस्थेच्या प्रमुख होत्या आणि चार्ल्स लेडबीटर नावाच्या सहकाऱ्याबरोबर बसून त्या अंतर्दृष्टीने मूलद्रव्यांचे अणू 'बघायच्या'. १८९५ मध्ये हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन असे पहिले काही वायू बघितले, मग १९०७ च्या उन्हाळ्यात जर्मनीत ड्रेस्डेनजवळ मुक्काम करून बाकीची बरीच मूलद्रव्यं, आणि १९०८ ला हे सगळं 'ऑकल्ट केमिस्ट्री' नावाने पुस्तक म्हणून आलं, आकृत्यांसकट. हे सगळं घडलेलं आहे, कुणी मेसेजवाल्याने रचलेलं नाही. 'क्वार्क बघितले' हा भाग मात्र नंतर चिकटवलेला आहे, त्यावर खाली येतो.

त्यांना नक्की दिसलं काय?

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सगळ्या पदार्थांचा शेवटचा तुकडा एकच, त्याला त्यांनी आपला संस्कृत शब्द दिला, 'अणू'. म्हणजे आपण मराठीत ज्याला अणू म्हणतो तो नव्हे हां, त्याच्या आतला. हा अणू हृदयाच्या आकाराचा, दहा दोऱ्यांचे वेढे घातलेला, आणि दोन प्रकारचा, एक नर एक मादी. हायड्रोजनमध्ये असे १८, नायट्रोजनमध्ये २६१, ऑक्सिजनमध्ये २९०. कुठल्याही मूलद्रव्याची संख्या घ्या, १८ ने भागा, की अणुभार येतो. ऑक्सिजन २९० भागिले १८ म्हणजे १६.११, खरा आकडा १६. नायट्रोजन १४.५ येतो, खरा १४. बाहेरचे आकार पण सांगितलेत, सोडियम म्हणे डंबेलसारखा, बाकीचे कुणी काटेरी, कुणी घनाकृती, कुणी चांदणीसारखे.

आता गंमत बघा, यात इलेक्ट्रॉन नाही, आणि मध्ये केंद्रक नाही. १८९५ ला नव्हतं हे समजू शकतो, इलेक्ट्रॉन १८९७ चा आणि केंद्रक रदरफोर्डने १९११ ला मांडलं. पण जो माणूस खरंच आत बघतोय त्याला पुस्तकात छापून यायची वाट कशाला बघायला लागते? आणि केंद्रक ही काय नजरेतून सुटण्यासारखी गोष्ट आहे का, अणूचं जवळजवळ सगळं वजन तिथे आहे. हायड्रोजनचं केंद्रक म्हणून एक सुपारी मांडवीच्या जेट्टीवर ठेवली तर अख्खा अणू सव्वा किलोमीटर रुंद होईल आणि मधली सगळी जागा जवळजवळ रिकामी. बेझंटबाईंच्या चित्रात ही रिकामी जागाच नाहीये, पानभर नीट रांगोळी काढलेली आहे.

"अरे झिला, ह्यां सगळां आमच्या ऋषींनी आधीच सांगून ठेवलला ना?" (हा काकीचा प्रश्न)

काकी, कणादांच्या वैशेषिक दर्शनात परमाणू आहे, खरंच आहे. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक, आणि ते त्र्यणुक म्हणजे माजघरात कौलाच्या फटीतून उन्हाची तिरीप येते ना, तिच्यात नाचणारा धुळीचा कण. म्हणजे धुळीच्या कणात सहाच परमाणू. आज आपल्याला माहीत आहे की तसल्या कणात अब्जावधी अणू असतात. पण मला विचारशील तर कणादांचं कौतुक वेगळ्याच गोष्टीचं आहे, त्यांनी ते तर्काने मांडलं, वस्तू तोडत तोडत गेलो तर कुठेतरी थांबायला पाहिजे नाहीतर मेरू पर्वत आणि मोहरी दोन्ही अनंत तुकड्यांचे, मग सारखेच व्हायला हवेत, असा त्यांच्या परंपरेतला युक्तिवाद आहे. तो वाद घालता येतो, चुकीचा ठरवता येतो. पतंजलींच्या योगसूत्रात सूक्ष्म, आड असलेलं आणि दूरचं यांचं ज्ञान होतं असं सूत्र आहे, थिऑसॉफीवाले आपल्या नजरेचा संबंध अणूएवढं बारीक होण्याच्या अणिमा सिद्धीशी लावायचे. पण सूत्रात हायड्रोजनमध्ये १८ वगैरे काही नाहीये बरं का, ते ऋषींच्या नावावर टाकू नका.

मग क्वार्कशी जुळतं असं म्हणतात ते कशावरून?

१९८० साली स्टीफन फिलिप्स नावाच्या ब्रिटिश फिजिसिस्टने मांडलं. क्वार्क ही कल्पना १९६४ ची, गेल-मान आणि झ्वाइग या दोघांची वेगवेगळी. प्रोटॉनमध्ये तीन क्वार्क. बेझंटबाईंच्या हायड्रोजनमध्ये दोन त्रिकोण, प्रत्येक त्रिकोणात तीन गट आणि प्रत्येक गटात तीन अणू. तीन-तीन बघून कुणाचेही डोळे लकाकतील. पण तीन त्रिक नऊ, आणि आहेत अठरा, म्हणजे दुप्पट. मग काय करायचं? मग म्हणायचं की प्रत्येक क्वार्कच्या आत आणखी तीन उपक्वार्क आहेत, आणि बघणाऱ्याने बघायला घेतलं की दोन हायड्रोजनची केंद्रकं एकत्र येऊन एक होतात, म्हणून १८.

आता जरा कागद-पेन घ्या. या हिशोबाने प्रत्येक प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे ९, दोन केंद्रकं धरून १८. ऑक्सिजनमध्ये १६ कण, १६ गुणिले १८ म्हणजे २८८. बाईंना दिसले २९०. नायट्रोजनमध्ये १४, म्हणजे २५२. बाईंना दिसले २६१. एका ठिकाणी दोन जास्त, दुसरीकडे नऊ जास्त. अंदाजपंचे अणुभार काढणाऱ्याला हे चालतं, पण जो एक एक मोजून सांगतोय त्याच्या हातून नऊ जास्त कसे मोजले गेले? आमच्याकडे आंब्याच्या पेटीत चार डझन म्हणून पन्नास निघाले तर आपण खूश होतो, पण इथे तसं नाही ना चालत.

आणि खरं दुखणं याच्याही पुढे आहे. त्यांचा सगळा डोलारा 'जेवढे नग तेवढं वजन' यावर उभा आहे. प्रोटॉनचं वस्तुमान साधारण ९३८ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांचं वजन मोजायचं एकक), आणि आतल्या तीन क्वार्कांची बेरीज केली तर जेमतेम ९ भरते, एक टक्का! बाकीचं ९९ टक्के वजन म्हणजे त्या क्वार्कांना जखडून ठेवणाऱ्या बलाची आणि त्यांच्या धावपळीची ऊर्जा. आत क्वार्कांना चिकटवून ठेवणारे ग्लुऑन आहेत, क्वार्क-प्रतिक्वार्कच्या जोड्या क्षणभर होतात नि जातात, त्यामुळे 'आत किती नग' याला एक ठरलेला आकडाच नाही. म्हणजे निसर्गात जी गोष्ट मोजून होतच नाही ती इथे मोजून दिली आहे. क्वार्कच्या आत काही आहे का हे जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतला, कणांवर कण आपटून बघणारा मोठा कोलायडर आजही शोधतोय, अजून काहीच सापडलेलं नाही. आणि दोन नुसते प्रोटॉन एकमेकांना धरून राहत पण नाहीत, त्यांचं केंद्रक टिकत नाही.

पण मेटा-निऑन तर बरोबर निघालं ना?

हा प्रश्न विचारणाऱ्याने अभ्यास केलाय. हो, १९०८ च्या पुस्तकात निऑन ३६० 'अणूं'चा आणि त्याचा एक जड भाऊ 'मेटा-निऑन' ४०२, म्हणजे अणुभार २२.३३. पुढे १९१२-१३ च्या सुमारास जे. जे. थॉमसनच्या प्रयोगात निऑनमध्ये २२ वजनाचा खरंच एक भाऊ सापडला, अशा भावांसाठीचा आयसोटोप हा शब्द पण तेव्हाचाच. आणि त्यावर काम करणाऱ्या ॲस्टनने त्याला 'मेटा-निऑन' हेच नाव वापरलं, या पुस्तकातून उचलून. ॲस्टनला पुढे नोबेल मिळालं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पण चहा खाली ठेवला होता.

पण मग बाकीचं पान पण वाचा ना! त्यांनी असा जड भाऊ नुसता निऑनला दिला नाही, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन सगळ्यांना एकेक दिला, आणि प्रत्येक वेळी बरोब्बर ४२ अणू जास्त. आर्गॉन ७१४, मेटार्गॉन ७५६, म्हणजे वजन ४२. प्रत्यक्षात हवेतल्या आर्गॉनचे जे दुसरे स्थिर भाऊ आहेत ते ३६ आणि ३८ चे, हलके आहेत, जड नाहीत. झेनॉनचे तर नऊ प्रकार निघाले. वर 'कॅलॉन' नावाचा एक अख्खा नवीन वायू दिलाय १६९ वजनाचा, तो कुठेच नाही, आणि आवर्तसारणीत त्याला बसायला खुर्ची पण नाही.

आणि मेटार्गॉन हे नाव आलं कुठून? १८९८ मध्ये रॅम्से आणि ट्रॅव्हर्स या रसायनवाल्यांनी निऑन, क्रिप्टॉन शोधले त्याच वर्षी 'मेटार्गॉन' नावाचा आणखी एक वायू सापडला म्हणून जाहीर केलं होतं, नंतर कळलं की ती आर्गॉनमधली कार्बनची भेसळ होती, आणि त्यांनी तो मागे घेतला. रसायनवाल्यांची चूक दहा वर्षांनी अंतर्दृष्टीला खरी दिसली. माझ्या मते सगळ्या पुस्तकात याच्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही, पोराने शेजारच्याची चूक पण कॉपी केली की मास्तरला काय कळायचं ते कळतं.

हेलियम तर आपल्या विजयदुर्गला सापडला, मग त्याचं काय?

हे म्हणजे माझ्या दुखऱ्या नसेवर पाय. विजयदुर्ग किल्ल्यावर साहेबाचे कट्टे म्हणून दाखवतात, १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण तिथून बघून लॉकियरसाहेबाने हेलियम शोधला अशी आपल्याकडे कथा आहे, दर १८ ऑगस्टला तिथे कार्यक्रम पण होतो, मी मुलांना घेऊन जातो. पण लॉकियर तेव्हा इंग्लंडातच होता हो. ग्रहणात फ्रेंच जान्सेन तिकडे आंध्रात गुंटूरला दुर्बीण लावून होता, आणि लॉकियरने ग्रहणाशिवायच ऑक्टोबरमध्ये घरून सूर्याच्या कडेचा प्रकाश प्रिझममधून पाहिला. त्यात सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असतात त्यांच्या शेजारी ५८७.६ ला एक तिसरीच पिवळी रेषा. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाची ती नव्हती. त्याने म्हटलं, हे नवीन मूलद्रव्य. बऱ्याच लोकांनी वेड्यात काढलं.

मग सत्तावीस वर्षांनी, १८९५ च्या मार्चमध्ये रॅम्सेने युरेनियमच्या एका खनिजातून वायू काढला, प्रकाश बघितला, तीच रेषा, त्याच जागी. पंधरा कोटी किलोमीटरवरून न बघितलेला पदार्थ ओळखला, ही दूरदृष्टी नाही तर काय आहे? आणि बघा वर्ष कुठलं, १८९५. त्याच वर्षी बेझंटबाईंना हायड्रोजन-ऑक्सिजनबरोबर एक अनोळखी वायू दिसला, ५४ अणूंचा, वजन ३, त्याला नाव पडलं 'ऑकल्टम'. हेलियम आज एमआरआय मशीनमध्ये आहे, फुग्यात आहे, आमच्या जत्रेत आहे. ऑकल्टमचा पत्ता नाही. कुणी म्हणतं तो हेलियम-३ असणार, पण हेलियम-३ हवेतल्या हेलियममध्ये दहा लाखांत एक-दोन, तो दिसला आणि इलेक्ट्रॉन नाही दिसला?

फिजिक्सवाल्यांनी तरी क्वार्क डोळ्यांनी कुठे पाहिलाय?

नाही पाहिलेला, आणि कधी पाहणार पण नाही. आपल्या डोळ्याला दिसणारा उजेड ४०० ते ७०० नॅनोमीटर लहरींचा, अणू त्याच्या हजारपट बारीक. समुद्राची मोठी लाट येते ती वाळूच्या कणाला विचारते का तू कुठे आहेस, ती अख्ख्या खडकावर आपटते तेव्हाच फेस होतो. बारीक वस्तू 'बघायची' तर बारीक लहर लागते आणि लहर जेवढी बारीक तेवढी ऊर्जा जास्त, म्हणून ती एवढाली मशिनं.

रदरफोर्डच्या हाताखालच्या दोन पोरांनी, गायगर आणि मार्सडेनने १९०९ ला धातूच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण मारले, बहुतेक सरळ पार गेले आणि आठ हजारांत एखादा उलटा परत आला. अंधारात बसून बारीक बारीक चमका मोजायच्या, तासन् तास. अमेरिकेत स्टॅनफर्डला तीन किलोमीटर लांबीच्या सरळ मशीनमधून इलेक्ट्रॉन सोडून १९६८ च्या सुमारास तोच खेळ प्रोटॉनवर केला, आणि इलेक्ट्रॉन असे उडाले की आत टणक बारीक काहीतरी आहे हे कळलं. तुम्ही रात्री विहिरीत दगड टाकून पाणी किती आहे ते आवाजावरून ओळखता ना, हे त्यातलंच. फरक एवढाच की तुमच्या शेजाऱ्याने, तुमच्या दुश्मनाने, जपानमधल्या कुणीही दगड टाकला तरी आवाज तोच येतो.

म्हणजे न दिसणारं खूप काही आहे हे तुम्ही पण मानता!

अहो मानतो म्हणजे काय, त्याच्यावर पगार घेतो. आरतीला टाळ्या वाजवताना तुमच्या तळहातातून सेकंदाला एखाद-दुसरा म्यूऑन नावाचा कण आरपार जातोय आकाशातून आलेला. आणि सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो नावाचे कण, बोटाच्या नखाएवढ्या जागेतून सेकंदाला साधारण ६,५०० कोटी, रात्री सुद्धा, पृथ्वीच्या आतून येतात. वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा पकडले त्यात आपल्या कर्नाटकातली कोलार सोन्याची खाण आहे, १९६५, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची माणसं त्यात होती. अंतर्दृष्टीवाल्या एकालाही हा एवढा पाऊस कधी जाणवला नाही याचं मला नेहमी नवल वाटतं.

फिजिक्सवाले चुकत नाहीत का? त्यांना भास होत नाहीत?

होतात की, भरपूर होतात. १९०३ मध्ये फ्रान्समध्ये ब्लाँडलो नावाच्या चांगल्या नावाजलेल्या प्रोफेसरने 'एन-किरण' शोधले, बऱ्याच शास्त्रज्ञांना ते दिसायला पण लागले. अमेरिकेहून वूड नावाचा माणूस बघायला गेला, प्रयोगशाळेत अंधार होता, त्याने गुपचूप यंत्रातला प्रिझमच काढून खिशात घातला, आणि बघणाऱ्याला किरण पूर्वीसारखेच दिसत राहिले! १९०४ ला वूडने हे छापलं आणि एन-किरण संपले. ब्लाँडलो लबाड नव्हता. मन लावून अंधुक काहीतरी बघत बसलं की दिसायला लागतं, तुम्हाला आणि मला पण. रात्री उशिरा घाटीतून येताना चकवा लागतो तो असाच.

२०११ ला इटलीतल्या एका प्रयोगात न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा वेगाने, ६० नॅनोसेकंद आधी पोचले असं आलं, शेवटी निघालं काय तर केबल नीट बसलेली नव्हती. २०१५ च्या डिसेंबरात कोलायडरच्या आकड्यांत एक टेकाड दिसलं, थिअरीवाल्यांनी त्यावर शेकड्याने पेपर लिहिले, आणि २०१६ च्या ऑगस्टपर्यंत ते विरघळून गेलं. लाज वाटण्यासारखं आहे की नाही ते तुम्ही ठरवा, पण ते चूक आहे हे त्याच लोकांनी सांगितलं.

क्वांटम एंटँगलमेंट म्हणजे टेलिपथीच ना? आणि 'निरीक्षकाशिवाय जग नाही' असं पण म्हणतात.

नाही आणि नाही. एंटँगलमेंट खरं आहे, २०२२ चं नोबेल त्यावरच दिलं. पण दूर असलेल्या दोन कणांच्या मोजणीच्या निकालांमध्ये मेळ असतो एवढंच, त्यातून निरोप पाठवता येत नाही, इकडच्या माणसाला नुसती स्वतःकडची उलटसुलट यादी दिसते, मेळ कळायला तिकडची यादी साध्या फोननेच मागवायला लागते. आणि 'निरीक्षक' म्हणजे डोळे मिटून बसलेला माणूस नव्हे, फोटोची पट्टी सुद्धा निरीक्षक, भिंत सुद्धा.

सर्नमध्ये नटराज का उभा आहे मग?

भारत सरकारने २००४ ला भेट दिला म्हणून. छान आहे, दोन मीटर उंच. सत्यनारायणाला तुम्ही मला शर्टपीस दिलात म्हणून मी शर्ट शिवण्यातला तज्ज्ञ होत नाही.

आमच्या आंब्याच्या बागेत पाणाड्याने नारळावर पाणी दाखवलं आणि लागलं! त्याचं उत्तर द्या.

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारला आणि मी याचं उत्तर पैसे मोजून घेतलेलं आहे. आमच्या कलमांच्या बागेत विहीर घ्यायची होती, वडिलांनी पाणाड्या आणला, पायाळू माणूस, तळहातावर नारळ आडवा ठेवून चालत गेला, एका जागी नारळ उभा राहिला. खणलं. कातळ फोडायला सुरुंग लावले, चौतीस फुटांवर पाणी लागलं, पेढे वाटले. एप्रिलमध्ये विहीर कोरडी. दुसऱ्या वर्षी दुसरा पाणाड्या, दुसरी जागा, परत पाणी, परत एप्रिल. तिसरी विहीर मी उताराच्या खाली पऱ्याच्या काठाला घेतली, जिथे मे महिन्यात पण गवत हिरवं असतं तिथे, ती आजपर्यंत आटलेली नाही, आणि ती जागा आमच्या गड्याने पहिल्याच दिवशी सांगितली होती.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त पाऊस पडतो, जांभा दगड चाळणीसारखा, पाणी झिरपून खालच्या चिकट मातीच्या थरावर साठतं. इथे खणून पाणी न लागणं हेच अवघड, प्रश्न ते मे महिन्यात टिकतं का हा आहे, आणि तो नारळाला कुणी विचारत नाही. नारळ का फिरतो? तळहातावर गोल वस्तू तोलत उंचसखल जमिनीवरून चाला, स्नायू आपोआप बारीक हलतात आणि आपल्याला कळत पण नाही, मुद्दाम कुणी करत नसतो. पाणाडे मी बघितलेत ते प्रामाणिक होते, जमिनीचा उतार आणि झाडं वर्षानुवर्षं बघून त्यांना कळतं, श्रेय नारळ घेऊन जातो.

जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये हे नीट तपासलं होतं, एका गोठ्यासारख्या इमारतीत खाली पाण्याचा पाईप गाडीवर ठेवून इकडे तिकडे हलवायचा आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्याने सांगायचं कुठे आहे. आधी चाळणी लावून निवडलेले ४३ जण, ८४३ प्रयत्न. काही जण चमकले असं आधी वाटलं, पण १९९९ ला ते आकडे दुसऱ्याने परत तपासले तेव्हा नशिबाने जेवढं येईल तेवढंच आलेलं दिसलं, आणि एकदा चमकलेला दुसऱ्या वेळी चमकत नव्हता.

डोळे बांधून वाचणारी मुलं? मिडब्रेनचा क्लास लावू का भाच्याला?

लावू नका वहिनी. माझ्याच नात्यातल्या एका पोराला लावलेला, भरपूर फी भरली, घरी येऊन पट्टी बांधून पत्त्यांचे रंग सांगायचा, सगळे थक्क. मी म्हटलं पत्ता जरा कपाळाच्या वर धर. गप्प. नाकाच्या कडेने खाली एक फट राहतेच, कितीही घट्ट बांधा, आणि पोरं बिचारी आईबापांना वाईट वाटू नये म्हणून खोटं रेटत राहतात, हे मला सगळ्यात वाईट वाटतं. अंनिसने हे प्रकार कितीतरी वेळा उघडे पाडलेत. आणि नुसतं 'जमतं' म्हणून चालत नाही, मोजावं लागतं. जयंत नारळीकरांनी अंनिसच्या मदतीने ज्योतिषाची चाचणी घेतली होती, २०० मुलांच्या पत्रिका, निम्मी हुशार, निम्मी मतिमंद, २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या. बरोबर आले सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नास.

आणि देवळातला कौल? अवसर येतो तो?

त्यात मी पडत नाही. देवाला फुलं लावून कौल घेणारा गावकरी प्रोटॉनच्या आत काय आहे हे सांगायला जात नाही, तो भांडण मिटवायला जातो आणि बऱ्याचदा मिटतं.

बेझंटबाई खोटारड्या होत्या का मग?

मला नाही वाटत. एवढं आयुष्य झोकून देणारी बाई, १९३३ ला वारली तोवर थांबली नाही. दोघं शेजारी बसायची, एकाने बोलायचं दुसऱ्याने हो म्हणायचं, टिपून घेणारा तिसरा पण त्यांच्यातलाच, आणि अणुभाराचं टेबल जगजाहीर होतं. तिथे कुणी वूड नव्हता प्रिझम खिशात घालायला, एवढंच झालं.

मग तुम्ही कशाने मानाल? तुम्हाला काही पटणारच नाही!

पटेल, आणि टेस्ट पण सोपी आहे. साधं पाणी आणि हेवी वॉटर. हेवी वॉटरमध्ये हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, जो १९३१ ला यूरीने शोधला, वजन दुप्पट, म्हणजे अंतर्दृष्टीला १८ च्या जागी दुप्पट अणू दिसायला हवेत. बाहेरून दोन्ही पाणी सारखंच. २२ सारख्या बाटल्या घ्या, प्रत्येकीसाठी नाणं उडवून कुठलं पाणी ते ठरवा, भरणारा माणूस नंतर तिथे थांबणार नाही, विचारणाऱ्याला पण उत्तर माहीत नसेल. सगळ्या २२ बरोबर आल्या तर नशिबाने तसं व्हायची शक्यता साधारण ४२ लाखांत एक. हिग्ज कण २०१२ ला जाहीर करायला जी पाच सिग्माची अट होती ती साधारण ३५ लाखांत एकची आहे. म्हणजे एका दुपारी सर्नच्या तोडीचा पुरावा. मी स्वतः हार घेऊन येईन.

एक लक्षात ठेवा, बाटल्या हातात उचलून द्यायच्या नाहीत, हेवी वॉटर अकरा टक्के जड असतं, चांगला किराणावाला सुद्धा ओळखेल. चाखायला पण द्यायचं नाही, ते किंचित गोड लागतं. फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, ते ३.८ अंशालाच गोठतं आणि त्याचा बर्फ साध्या पाण्यात बुडतो.

हेवी वॉटर आणायचं कुठून?

आपल्याच कोकणात बनतं, अलिबागजवळ थळला सरकारी प्लांट आहे. मला वैयक्तिक कुणी देणार नाही, कॉलेजच्या लेटरहेडवर केमिकलवाल्याकडून थोडंसं मागवावं लागेल, स्वस्त नाहीये. कुणी अंतर्दृष्टीवाला खरंच बसायला तयार असेल तर अर्धे पैसे माझे. या गणपतीपासून विचारतोय, अजून एकाचाही होकार नाही. मेसेज वाचणारा चाकरमानी म्हणाला शिमग्याला घेऊन येतो एकाला. बघू.